जिन्याच्या कट्ट्यावरची बाटली

रेवतीने कौशल्याबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कचऱ्याच्या ढिगात काठी घालून काहीतरी शोधत होत्या.

आर. के. पुरमच्या त्या सेक्टरमध्ये येऊन रेवतीला जेमतेम आठवडा झाला होता. नवऱ्याला, आशयला, दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात नोकरी लागली आणि नाशिकहून बिऱ्हाड उचलून ती सरकारी क्वार्टरमध्ये आली होती. सामानाची अर्धी खोकी अजून उघडायची होती, आणि ऊन असं होतं की सकाळीच डोळ्यांपुढे अंधारी यावी. लेकीचा, केतकीचा, हात धरून ती दूध आणायला निघाली होती.

सेक्टरच्या टोकाला एक जुना ढलाव आहे. ढलाव म्हणजे पालिकेची कचरा टाकायची पक्की खोली. ती बंद होऊन बराच काळ लोटला. शटर ओढून त्याला कुलूप घातलं आणि भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलं, ‘यहाँ कूड़ा डालना मना है’. तेव्हापासून लोक आत टाकायचे ते त्या अक्षरांखाली टाकतात. घंटागाडीवाला जे घेत नाही ते सगळं तिथे येतं.

त्या ढिगात एक आजीबाई उभ्या होत्या. इस्तरी केलेली फिकट निळी सुती साडी, घट्ट अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा. पदर नाकाला लावायचंही त्यांना भान नव्हतं. काठीने त्या एकेक पिशवी उलटवत होत्या आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या.

“आई, त्या आजी घाणीत का गेल्यात?” केतकीने मोठ्यांदा विचारलं.

“गप गं, असं बोलू नये.”

आजीबाईंनी मान वळवली. मराठी शब्द कानावर पडताच त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते रेवती अजून विसरलेली नाही. बुडणाऱ्याला काठावरचं माणूस दिसावं तसं.

“मराठी का तुम्ही? देवच पावला. अगं, जरा इकडे ये. नको, पोरीला तिथेच उभं कर, तिला आणू नकोस. ही पिशवी तेवढी धर. सांभाळून हं, आत ट्यूब फुटलीय.”

पिशवी रेवतीने धरली. जाड कापडी पिशवी, तोंडाला सुतळी. आत फुटकी ट्यूबलाइट, संपलेले सेल, वाळलेल्या ऑइलपेंटचे डबे, उंदराच्या औषधाचं अर्धं पाकीट, पुठ्ठ्याच्या डबीत एक थर्मामीटर. कौशल्याबाईंनी पिशवीच्या तळापर्यंत पाहिलं, बाजूच्या ढिगात पुन्हा एकदा काठी फिरवली, आणि मग काठीवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

“पिशवी आहे,” त्या म्हणाल्या. “बाटली नाही.”

“कसली बाटली, काकू?”

“कोकम सरबताची. पण आत सरबत नाहीये गं. वाळवीचं औषध आहे.”

*

कौशल्याबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. नवरा दत्तात्रय केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे लग्नानंतरचा सगळा संसार क्वार्टरांमध्ये झाला. सरोजिनी नगर, मग मधली काही वर्षं फरीदाबाद, मग आर. के. पुरम. नवरा निवृत्त झाला आणि मुलगा उन्मेष त्याच सरकारात चिकटला, म्हणून क्वार्टरचं आयुष्य सुटलं नाही. वयाच्या मानाने काटक. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. हिंदी इतकी वर्षं बोलून बोलून त्यांची स्वतःची अशी एक झाली होती, ती ऐकून भाजीवाले हसायचे आणि कोथिंबीर जास्त घालायचे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हातून कधी होत नसे. रिकामी बाटली टाकवत नसे. गावाहून दर खेपेला कोकमाचं सरबत यायचं. ते संपलं की बाटली राखेने घासायची, उन्हात पालथी घालायची आणि कामाला लावायची. एकीत फिनेल, एकीत रॉकेल, एकीत तिळाचं तेल. वर लाल कोकमाचं चित्र तसंच. घरातल्यांना कुठल्या बाटलीत काय ते जागेवरून कळायचं. फडताळातली ती तेलाची, मोरीतली ती फिनेलची.

दोन वर्षांपूर्वी दिवाणाला वाळवी लागली तेव्हा दत्तात्रयरावांनी औषधाचा डबा आणला. काम झाल्यावर उरलेला डबा गंजायला लागला, म्हणून त्यांनी उरलेलं औषध कोकमाच्या बाटलीत ओतलं, बूच लावून वर मेणबत्तीचं मेण ओतलं आणि बाटली बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवून दिली. “लागेल कधीतरी,” म्हणाले. मेणामुळे वास येत नव्हता. वास येत नाही म्हटल्यावर घराला त्या बाटलीचा विसरच पडला.

आज संध्याकाळच्या गाडीने त्यांची नात, उन्मेषची मुलगी वैभवी, आईबरोबर आजोळाहून येणार होती. नुकती रांगायला लागलेली. रांगतं पोर म्हणजे दिसेल ते तोंडात. म्हणून कौशल्याबाईंनी काल बाल्कनी धुऊन काढली. जे जे विषारी, टोकदार, गंजकं होतं ते सगळं या कापडी पिशवीत भरलं, वर ती बाटली उभी खोवली, आणि पिशवी नेऊन जिन्याच्या कट्ट्यावर ठेवली. सकाळी बिरमवती येते, तीन मजल्यांचा कचरा खाली नेते. नेईल.

चूक झाली ती तिथे.

सरकारी वसाहतींत एक रीत आहे, कुणी ती ठरवलेली नाही. बदली झालेलं कुटुंब निघताना स्वयंपाकघरात उरलेलं जिन्याच्या कट्ट्यावर मांडून जातं. अर्धी तेलाची पिशवी, डाळ, लोणचं, मसाल्याचे डबे. ज्याला हवं त्याने न्यावं. बहुतेक वेळा ते झाडूवालीच्या घरी जातं, आणि देणाऱ्यालाही तेच हवं असतं. काल समोरच्या दारातले नायर कोचीला गेले. जाताना त्यांच्या बाईंनी त्याच कट्ट्यावर नारळाचं तेल, रवा, चिंच, लिंबाच्या सरबताची एक बाटली मांडली होती. कौशल्याबाईंनी पिशवी ठेवली तेव्हा अंधारात त्यांना हे दिसलं नाही. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं तर कट्टा रिकामा, पुसून काढल्यासारखा.

“माझ्या नातीच्या हाताला लागू नये म्हणून घराबाहेर काढली,” त्या रेवतीला म्हणाल्या. “दुसऱ्याच्या नातवंडांचं काय, ते काही डोक्यात आलं नाही बघ.”

*

 रेवती दूध विसरली.

“काकू, बिरमवतीचा फोन असेल ना?”

“आहे की, पण मी माझा घरी ठेवून आले. धावतच सुटले ना. तू आधी आमच्या ह्यांना लाव.”

दत्तात्रयरावांचे गुडघे गेले होते, ते घरीच होते. त्यांचा नंबर कौशल्याबाईंना पाठ होता. रेवतीने फोन स्पीकरवर टाकला.

“अहो, पिशवी मिळाली, बाटली नाही. ते औषध किती जहाल असतं हो?”

“तू आधी सावलीत उभी राहा बघू.”

“मी काय विचारतेय?”

पलीकडे खुर्ची करकरली. मग ते सावकाश म्हणाले, “एक झाकण घालायचो मी. अख्ख्या बादलीला एक झाकण. आणि तो दुकानदार म्हणाला होता, हातमोजे घाला.”

“बाटलीत किती आहे?”

“गळ्यापर्यंत. अगं, मेण लावलंय मी त्याला.”

“मेण! मोठं कुलूपच लावलंत जसं! चला, बिरमवतीचा नंबर सांगा.”

बिरमवतीचा फोन वाजत राहिला. पुन्हा वाजत राहिला. केतकी रेवतीचा कुर्ता ओढत होती. “मला तहान लागली.” ते ऐकलं आणि रेवतीच्या डोळ्यांसमोर एक खोली उभी राहिली, कधी न पाहिलेली. पत्र्याचं छप्पर, मधोमध पाण्याचा माठ, भोवती शाळेला सुट्टी असलेली पोरं, आणि कुणीतरी म्हणतंय, आज बघा काय आणलंय तुमच्यासाठी. तिने पुन्हा नंबर दाबला.

“लाव, लावत राहा,” कौशल्याबाई म्हणाल्या. त्या स्वतः रस्त्याकडे बघत होत्या, जणू बाटली कुठूनतरी चालत येणार होती. “तिला तीन मुलं आहेत. धाकटी तर आपल्या हिच्याएवढीच.”

तिसऱ्या खेपेला फोन उचलला गेला. मागे बसचा हॉर्न, कंडक्टरची आरोळी.

“बिरमवती! मैं कौशल्या बोलती. अगं, वो कट्टे पर का बाटली किधर है? लाल फल का चित्र वाला?”

“राम राम अम्मा. वो शरबत? बहुत अच्छा किया आपने, ऊपर ही रख दिया, नहीं तो मैं थैले के साथ फेंक देती.”

“घर ले गई क्या? बच्चों ने पिया क्या? बोल लवकर!”

“ना अम्मा, घर क्यों ले जाती? आज ग्यारस है, निर्जला। दोनों बोतल मैंने छबील पे चढ़ा दी। मार्केट वाली पे। आपके नाम से भी पुण्य, मेरे नाम से भी।”

रेवतीला काहीच कळलं नाही. पण कौशल्याबाईंचा हात काठीवरून निसटला.

“काय झालं? छबील म्हणजे काय?”

“चल, चल आधी,” त्या म्हणाल्या. “रिक्षा थांबव.”

*

ई-रिक्षात बसल्यावर त्यांनी सांगितलं. निर्जला एकादशीला दिल्लीत रस्तोरस्ती छबील लागतात. दुकानदार वर्गणी काढतात, टेबलं मांडतात, मोठ्या पिंपात दूध, पाणी, बर्फ आणि सरबताच्या बाटल्या ओततात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून पाजतात. बसमधले, रिक्षावाले, पोलीस, सुट्टीतली मुलं. कुणाला नाही म्हणू देत नाहीत. आणि ज्याला वाटेल तो आपल्या नावाने एक बाटली आणून देतो.

“सगळ्या बाटल्या एकाच पिंपात?” रेवतीने विचारलं.

कौशल्याबाईंनी मान हलवली. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. आज त्यांचाही निर्जळ उपास होता, हे रेवतीला नंतर कळलं.

रस्त्यात एक माणूस सायकल एका हाताने धरून दुसऱ्या हातातला गुलाबी पेला पीत चालला होता. पुढे दोन बायका, त्यांच्या हातातही तेच. बसथांब्यावर एक म्हातारा पेला तोंडाला लावून उभा होता. रेवती एकेकाचं तोंड बघत होती. हा ठीक दिसतोय. ही हसतेय. तो म्हातारा बाकावर का टेकला? उन्हाने, की?

“भैया, जल्दी,” ती म्हणाली.

“मैडम, बैटरी का है, हवाई जहाज़ नहीं है,” रिक्षावाला म्हणाला. “और आगे छबील पे भीड़ है, मैं भी रुकूँगा, एक गिलास तो बनता है.”

“मत पियो!” दोघी एकदम ओरडल्या. रिक्षावाल्याने वळून पाहिलं आणि मग गुमान रिक्षा हाकली.

मार्केटच्या तोंडाशी शामियाना होता, भोंग्यावर भजन, आणि गर्दी. रेवती उतरून पैसे काढेपर्यंत केतकीचा हात सुटला. क्षणभरच. ती वळली तेव्हा टेबलामागून वाकलेल्या कुणीतरी केतकीच्या हातात थंडगार पेला दिला होता आणि पोरीने तो दोन्ही हातांनी तोंडाकडे नेला होता.

रेवतीने पेल्यावर हात मारला. पेला उडून रस्त्यावर गेला, केतकीचा फ्रॉक गुलाबी झाला आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. आजूबाजूचे थांबले. “अरे, क्या हुआ? बच्ची प्यासी है, पाप लगेगा बहनजी!” रेवती रस्त्यातच गुडघ्यांवर बसून पोरीचे ओठ पुन्हा पुन्हा पुसत होती. “प्यायलीस का? खरं सांग, प्यायलीस का?”

तोवर कौशल्याबाई काठीने वाट काढत टेबलामागे पोचल्या होत्या. तिथे रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता. त्या खाली वाकल्या आणि एकेक बाटली बाजूला करू लागल्या. गुलाबाची. गुलाबाची. खसची. लिंबाची, नायरांच्या घरची. बिरमवतीने दोन्ही एकदमच दिल्या होत्या आणि एक पिंपात गेली होती.

“बीजी, क्या ढूँढ रहे हो?” छबीलचे कर्ते सतविंदर सिंग पुढे आले. मार्केटमध्ये त्यांचं स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. धिप्पाड माणूस, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या, दाढीवर सरबताचे थेंब.

“काला लाल फल वाली बाटली. मोम लगा हुआ. वो डाली क्या? पिंप में डाली क्या?”

“मोम वाली?” त्यांनी टेबलाच्या खाली हात घातला. “ये? ये पता नहीं किस चीज़ का है, इसलिए आख़िर के लिए रखी थी. अभी खोल ही रहा था कि बर्फ़ वाला आ गया.”

बाटली वर आली. लेबलावर लाल कोकम. बुचाभोवतीचं मेण एका बाजूने खरवडलेलं. चाकू शेजारीच पडला होता, त्याच्या पात्याला मेणाचे पांढरे कण चिकटले होते.

“ये ज़हर है,” कौशल्याबाई म्हणाल्या. भजनाच्या आवाजात त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं. “दीमक का ज़हर. मेरे घर का है. मेरी गलती है.”

भोंगा चालूच होता, पण टेबलाभोवतीची माणसं मागे सरली. हाताला चटका बसल्यासारखी सतविंदर सिंगांनी बाटली टेबलावर ठेवली. मग त्यांनी स्वतःच पिंपावर झाकण ठेवलं.

“एक बूँद नहीं पड़ी, बीजी. वाहेगुरु की सौं.”

कौशल्याबाईंनी बाटली उचलून उजेडात धरली. गळ्यापर्यंत भरलेली. दुसऱ्या बाजूचं मेण अखंड, दत्तात्रयरावांच्या अंगठ्याचा ठसा त्यावर तसाच. रेवतीनेही पाहिलं, आणि मग तिला रडू आलं.

“पण तुम्ही बूच उघडलं असतं तर वास आला असता ना?” तिने हिंदीत विचारलं. तिला तेवढाच एक आधार हवा होता.

सतविंदर सिंगांनी खाली पाहिलं. “बहनजी, इतनी बोतलें आती हैं. कौन सूँघता है? खोली, उलटी, अगली उठाई.”

*

भीती तिथे संपायला हवी होती. पण बाटली होती तशीच होती, आणि आता ती कौशल्याबाईंच्या हातात होती.

गर्दीत सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, नाली में बहा दो. दुसरा म्हणाला, पीछे पार्क में गड्ढा खोदकर दबा दो. तिसऱ्याने ढलावाचं नाव घेतलं. ते ऐकून कौशल्याबाई हसल्या की काय, असं रेवतीला वाटलं.

“वहीं से तो आई मैं,” त्या म्हणाल्या.

बाटली त्यांनी घरी नेली. नळावरच्या जुन्या बादलीत रेती घालून त्यात उभी केली आणि बादली लोखंडी कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. संध्याकाळी वैभवी आली. घरात सगळे हसत होते, आणि कौशल्याबाई घटकाघटकाला कमरेची किल्ली चाचपत होत्या. रेवतीच्या घरी वेगळंच चाललं होतं. केतकीला दिवसभरात दोनदा उलटी होईलसं वाटलं म्हणून आशय तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. काही नव्हतं. ऊन लागलं होतं आणि रडून रडून पोट आवळलं होतं. तरी रेवती पोरीच्या उशाशी बसून तिचा श्वास ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी बिरमवती आली. तिला सगळं सांगितल्यावर ती झाडू बाजूला टाकून जिन्याच्या पायरीवर बसली. पदराने मानेवरचा घाम पुसला.

“अम्मा,” मग म्हणाली, “ज़हर आपका, पुण्य मेरा. और जो कुछ हो जाता, तो पुलिस किसको पकड़ती?”

कौशल्याबाईंनी काठी भिंतीला टेकवली. त्या तिच्या शेजारी पायरीवरच बसल्या. वरून दत्तात्रयराव ओरडले, “चहा टाकू का दोघींना?” आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी चहा टाकला.

आशयने चौकशी केली. अशा वस्तू घेणारं पालिकेचं केंद्र होतं, जरा लांब, झोनच्या ऑफिसमागे. पहिल्या खेपेला ते बंद मिळालं आणि बाटली पुन्हा कपाटात गेली. दुसऱ्या खेपेला तिथल्या माणसाने हातमोजे घालून बाटली घेतली, लेबल वाचलं, कौशल्याबाईंकडे पाहिलं आणि कोकमाचं चित्र लाल स्केचपेनने फुली मारून खोडलं. ढिगातून परत आणलेल्या पिशवीतली फुटकी ट्यूब, सेल, थर्मामीटर, रंगाचे डबेही तिथेच दिले. 

त्यानंतर त्यांच्या दारामागे झाकणाचं एक पिंप आलं, कुलूप लावलेलं. शेजारपाजारचे संपलेले सेल, मुदत गेलेली औषधं, कीटकनाशकं त्यांच्याकडे आणून देतात. बाटलीत दुसरं काही भरलेलं आढळलं की आणणाऱ्याला आधी जिन्यातच चार शब्द ऐकावे लागतात, मग चहा मिळतो. पिंप भरलं की रेवती आणि त्या ई-रिक्षाने केंद्रावर जातात. ढलावाच्या भिंतीखाली अजूनही पिशव्या पडतात. कौशल्याबाई त्या बाजूने जाताना चालणं हळू करतात आणि कुठे बाटलीचं बूच दिसतंय का ते बघतात. पिशवी उघडत नाहीत, पण बघितल्याशिवाय पुढेही जात नाहीत.

घरात आता कोकमाची रिकामी बाटली नसते. सरबत संपलं की बाटली धुऊन, लेबल काढून, कबाडीवाल्याकडे. कट्ट्यावर खायच्या वस्तू ठेवायची रीत सुरूच आहे, पण आता तिथे ठेवण्याआधी बिरमवतीला दाखवतात आणि काय आहे ते तोंडाने सांगतात.

आणि दर निर्जला एकादशीला कौशल्याबाई सकाळपासून मार्केटच्या छबीलवर टेबलामागे खुर्ची टाकून बसतात. स्वतः पाण्याचा थेंब घेत नाहीत. दानात आलेली प्रत्येक बाटली त्यांनी उघडून हुंगल्याशिवाय सतविंदर सिंग पिंपात ओतत नाहीत.